मोटारीची खांदशेकणी

इंजिन कशाला म्हणतात हे अख्ख्या रिठदमध्ये एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी, नानाजी! हे मला माझ्याच तोंडाने सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. वाशीमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस घेऊन जायचो, तेव्हा बाकीचे गाडीवाले बाजारात भजी खायला पळायचे आणि मी इंजिनघराच्या दारात उभा राहायचो. एक अख्खा हंगाम उभा राहिलो! ते इंजिन कसं धापा टाकतं, कधी खोकतं, कधी त्याला ठसका लागतो, सगळं कान देऊन ऐकलं. एकदा तर आतल्या मिस्त्रीने तेलाची बुधली माझ्या हातात दिली होती. धरायला दिली होती, ओतायला नाही. पण ही बारीकसारीक गोष्ट मी घरी सांगितलेली नाही.

एवढं ज्ञान पोटात असल्यावर माणूस बैलांच्या शेपट्या किती दिवस पिळणार? वाशीमचे एक डॉक्टर गाव सोडून अमरावतीला निघाले, तेव्हा त्यांची मोटार मी घेऊन टाकली. कापडी टप, पितळी भोंगा, समोर हँडल. हँडल फिरवलं की गावातली कुत्री आधी सुरू होत आणि मग मोटार! आता घरात मोटार आल्यावर दमणीला, त्या हलक्या बैलगाडीला, जोडी कशाला? माझी हौशा-वजीरची जोडी मी अनसिंगला मेहुण्याकडे, जगदेवरावाकडे, देऊन टाकली. आणि रिकाम्या गोठ्यात मोटार उभी केली.

इथे आमच्या घरात पहिली ठिणगी पडली. हौशा आणि वजीर ही दोन्ही वासरं माझ्या बायकोने, रंगूबाईने, हाताने कण्या भरवून वाढवलेली. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं! सवयीने ती सकाळची पहिली भाकर घेऊन गोठ्यात जायची, मोटारीकडे बघायची आणि भाकर तशीच परत आणायची. ती भाकर मग मलाच मिळायची.

उरलेल्या उन्हाळ्यात मोटार झकास चालली. मी रिसोडला गेलो, मालेगावला गेलो, किन्हीराजाला एका लग्नात तर नवरदेवापेक्षा जास्त माणसं माझ्याभोवती होती. मग पावसाळा लागला. आणि बाईसाहेबांनी रंग दाखवायला सुरुवात केली!

पहिल्यांदा थांबली ती वाशीमच्या वाटेवर, भुरभुर पावसात. फट्, फट्, फुस्स! मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, गंभीर चेहरा केला. पलग काढला, फुंकला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत बसवला. तोवर पाऊस उघडला होता, ऊनही पडलं होतं. हँडल मारलं, आणि झाली की सुरू! मी रस्त्यावरच्या गुराख्याला म्हणालो, "पाह्यलं? पलगमधी कचरा होता!"

दुसऱ्या पावसात पुन्हा फुस्स. पलग तर चकचकीत! मी पुन्हा विचार केला आणि रोग ओळखला. पेट्रोलमध्ये पाणी! सगळं पेट्रोल काढलं, फडक्यातून गाळलं, परत भरलं. एवढं होईस्तोवर पाऊस दमून थांबला. हँडल मारलं, सुरू! पेट्रोलच होतं म्हणा!

तिसऱ्या पावसात गाळलेल्या पेट्रोलसकट फुस्स.

मग वाशीमच्या जब्बारभाईंना गाठलं. जब्बारभाई शिवणयंत्रं दुरुस्त करत, गॅसबत्त्या दुरुस्त करत, आणि वाशीमात मोटारी आल्यापासून मोटारीही. आमच्या दोघांचं जमायचं, कारण त्यांनाही सगळं कळायचं. पण गंमत बघा! त्यांच्या दुकानासमोर स्वच्छ उन्हात ती मोटार अशी गोड चालली, की पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलगी काय चालेल! जब्बारभाईंनी काठीचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "नानाजी, इसमें कुछ बी नाई. नाडी एकदम ठीक हाय. तुमालेच वहम झाला."

तेवढ्यात आलं की आभाळ! चार थेंब पडले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फुस्स! जब्बारभाई खूश झाले. "कारबेटर!" म्हणाले, आणि कारबेटर काढून त्याचा कणन् कण वेगळा केला. सगळं पुसून परत जोडेपर्यंत पाऊस गेला, वारा सुटला, आणि मोटार पहिल्या हँडलला सुरू! "देखा?" जब्बारभाई म्हणाले. मीही मान डोलावली. पेट्रोलवाला माझा शोध चुकला याचं थोडं वाईट वाटलं, एवढंच.

घरी येताना पावसात पुन्हा बसली. तिकडे अनसिंगहून माझ्या सासूबाईंचा, सोजरबाईंचा, निरोप आला होता की मोटारीला दृष्ट लागली. रंगूबाईने मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांच्या खकाण्याने आम्ही सगळे खोकत बाहेर आलो, तर पाऊस थांबलेला. हँडल मारलं आणि सुरू! आता बोला! औषध कोणतंही असो, गुण यायचाच. वैद्य कोणीही असो, यशस्वीच. आणि पुढच्या पावसात रोग जिथल्या तिथे!

दर खेपेला कोणाचे तरी बैल आणून मोटार ओढावी लागे. पुढे बैल, मागे मोटार, आत मी, चाक धरून ताठ बसलेला. लोक रामराम घालायचे तो मला की बैलांना, हे कळायचं नाही.

आणि एके दिवशी, बाजाराच्याच दिवशी, वाशीमच्या पलीकडे, अनसिंगच्या रस्त्यावरून परतताना मी असाच झडीत अडकलो असताना मागून घुंगरं वाजली. दमणीत जगदेवराव! आणि दमणीला हौशा-वजीर!

"काय भाऊजी," जगदेवराव म्हणाला, "मोटार आराम करून राह्यली काय?"

"इंजिन थंड करून राह्यलो," मी म्हणालो.

"एवढ्या पान्यात? अजून किती थंड करता?"

त्याने दमणी बाजूला लावली आणि जोडी मोटारीला जुंपली. वजीरने मला ओळखलं. माझ्या मानेजवळ नाक आणलं, फुसकन श्वास सोडला आणि माझी टोपी चाटली. वाशीमपर्यंतच्या वाटेत जगदेवराव पुढे चालत होता. फक्त चढ आला की म्हणायचा, "हळू रे वजीर, हळू. मागं तुहा जुना मालक हाय."

जब्बारभाईंच्या दुकानापाशी जोडी सोडताना मात्र तो बोलला.

"भाऊजी, सरळ सांगतो. माही बहीन गोठ्यात जाते अन् रडत परत येते, हे मले पाह्यवत नाई. पोळ्याले आई तुमच्याकडे येतो म्हन्ते. तिले अनसिंगहून मोटारीत आना. पोळ्याच्या दिवशी कोनी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाई. म्हनजे मोटार थांबली तं ओढाले कोनी नाई! त्या दिवशी मोटार कुठीच थांबली नाई, तं मी तिच्या नावानं पुन्हा सबद काढनार नाई. अन् थांबली, तं मोटार इकून टाकाची अन् जोडी घरी न्याची. हाय कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. जब्बारभाई माझ्याआधीच म्हणाले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जगदेवराव जोडी घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आला. "जलमले तठीचा पोळा खाऊ द्या लेकरायले," म्हणाला. त्याच्या घरचे बाकीचे बैल त्याच्या धाकट्या भावाने सांभाळले. रंगूबाईचा चेहरा असा उजळला की मी चार महिन्यांत तो चेहरा पाहिला नव्हता. मोटार गोठ्यातून अंगणात काढावी लागली, पण मी तक्रार केली नाही.

दिवस कलताना खांदशेकणी झाली. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो, म्हणून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानाने त्या खांद्याला चोळायची आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. रंगूबाईने हौशाचे खांदे शेकले, वजीरचे शेकले, दोघांच्या कानाशी लागून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!" दोघांनी कान हलवले. मग ती तुपाची वाटी तशीच हातात घेऊन मोटारीकडे आली.

"हिचा खांदा कुठी असते हो?"

"कोनाचा?"

"मोटारीचा. चार महिने राबली नाई काय थे? बैलायले आवतन देल्लं अन् हिले नाई देल्लं, तं बरं दिसते काय?"

जगदेवराव गालात हसत होता. पण विचारलं मला, आणि विषय इंजिनाचा! मी ऐटीत बॉनेट उघडलं. "हा खांदा! सारा जोर अठूनच निघते!"

रंगूबाईने आत डोकावून पाहिलं आणि हातच तोंडावर नेला. "अवं माय! केवढ्या नसा फुगल्या हो हिच्या!"

त्या नसा नव्हत्या, पलगकडे जाणाऱ्या रबरी तारा होत्या. मी समजावून सांगणार होतो, पण ती ऐकायला मोकळी नव्हती. तिने एकेक तार बोटांत धरली आणि बाळाच्या पायाला तेल लावावं तशी तूप-हळद चोळली. मधल्या जाड तारेचं रबर एका ठिकाणी भेगाळलं होतं. "बिचारीचं सालटं निघालं अठी!" म्हणत तिथे तर तिने थापाच दिला.

"काहून वं," मी विचारलं, "तुले तं जोडी पायजे ना? मंग हिची सेवा कायले करतं?"

"जोडी पायजेच मले," रंगूबाई म्हणाली. "पन हे घरात हाय तोवर घरचीच ना? घरच्याले उपाशी ठेवाचं काय?" आणि भोंग्याशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

मी हसलो. बायकांचं आपलं काहीतरी!

माझी तयारी शास्त्रीय होती. पेट्रोलच्या टाकीला मी मेणकापड गुंडाळलं, वर सुतळीने आवळलं. कारण पाणी शिरतं ते टाकीतूनच, हा माझा मूळचा शोध, आणि मी तो कारबेटरसाठी सोडलेला नव्हता. सकाळी जगदेवराव साक्षीदार म्हणून माझ्या शेजारी बसला. वाशीमात जब्बारभाईंना हत्यारांच्या पेटीसकट मागे घेतलं. त्यांनी कारबेटरला चामड्याचं नवं वायसर बसवलं आणि अनसिंगचा रस्ता धरला. जाताना आभाळ कोरडं होतं.

अनसिंगला सोजरबाई तयारच होत्या. बोचकं, काठी, छत्री, आणि हातात एक नारळ. मोटारीत बसल्या आणि छत्री उघडली.

"आत्याबाई, वर टप हाय," मी म्हणालो.

"टप तुमचा हाय, जवाईबापू. छत्री माही हाय," सोजरबाई म्हणाल्या.

गाव सोडलं आणि झड लागली! पाऊस म्हणजे कसा, तर रस्ता कुठे संपतो आणि नाला कुठे सुरू होतो ते दिसेना. मी चाक गच्च धरलं. आत्ता खोकेल, आत्ता फुस्स करेल! जगदेवराव एक कान इंजिनाकडे लावून बसला होता. जब्बारभाई ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. मागून सोजरबाई थोड्या थोड्या वेळाने विचारायच्या, "थांबली काय?"

"नाई, आत्याबाई!"

"नाई थांबली? बरं, बरं."

त्यांच्या आवाजात आनंद होता की निराशा, मला ठरवता येईना. नाला आला, चाकं अर्धी बुडाली, पाणी बॉनेटवर उडालं. चालतच राहिली! चढ आला, चालतच राहिली! फक्त एक झालं. इंजिन तापलं तसा सगळीकडे खमंग वास सुटला.

"कोनं तूप कढोलं रे?" सोजरबाई म्हणाल्या.

"पोळा हाय ना आत्याबाई," मी म्हणालो. "घरोघरी कढवून राह्यले असतीन."

"अठी रानात कोनतं घर हाय?"

माझं लक्ष नव्हतं. मी आनंदाने फुगलो होतो. "मेणकापड!" मी ओरडलो. "टाकीले मेणकापड बांधलं, खेळ खतम!"

"मेणकापड कायका!" जब्बारभाई मागून म्हणाले. "मेरा वायसर हाय वो! तुमचं कापड तं मघाच्या नाल्यातच वाहून गेलं!"

मी मान वळवून पाहिलं, तर सुतळी तेवढी लोंबत होती. तरी मी हटलो नाही. म्हटलं, नाल्यापर्यंत तर कापडानेच आणलं ना! सोजरबाईंनी आमचा वाद मिटवला. नारळ दाखवून म्हणाल्या, "मी मारुतीले बोलली होती." वाशीम मागे पडलं, झड तशीच, आणि त्या झडीत एकदाही न अडखळता, भोंगा वाजवत आम्ही रिठदमध्ये शिरलो! पाऊसही तेव्हाच उघडला. वेळेवर यायला त्याला जमत नाही आणि वेळेवर जायलाही.

अंगणात मोटार उभी करून मी उतरलो तो छाती काढूनच. जगदेवराव उतरला आणि बैलांकडे गेला. रंगूबाई पुरणाच्या हातानेच दारात आली होती. तिने आईकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, आणि मग गोठ्यात शिंगं रंगवून, झूल घालून उभ्या असलेल्या हौशा-वजीरकडे पाहिलं.

"आली ना न थांबता?" ती म्हणाली. "बरं झालं. जितले तुमी." आणि पदर डोळ्याला लावत आत गेली. चुलीचा धूर असेल असं मी स्वतःला सांगितलं. चूल मागच्या अंगणात होती.

तिथेच मी गप्प बसलो असतो तर! पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसणं कोण शिकवतं? मी थेट मारोतराव पाटलांकडे गेलो. गावाच्या मोकळ्या जागेत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या जोड्या तिथे जमतात, आणि पहिल्यांदा पाटलांच्या मानाच्या जोडीने तोरणाखालून जायचं, मग बाकीच्यांनी. मी म्हटलं, "पाटील, आज माह्या मोटारीनं तुमच्या बैलायसंगं शर्यत लावली असती तं जितली असती. तिलेही तोरनाखालून जाऊ द्या. मानाच्या जोडीमागून."

पाटील मोठ्या मनाचे. म्हणाले, "येऊ दे नानाजी. गावचीच हाय थे. पन पुढे नको, वाटलं तं आधी येऊन बाजूले उभी राहू दे, बैल बुजाडतीन."

घरी येऊन बॉनेट उघडलं तर आत रसोई! तूप-हळद वितळून सगळीकडे पिवळा राडा झाला होता, त्याला धूळ चिकटली होती, आणि मुंग्यांची एक रांग पलगवरून निघाली होती.

"तोबा तोबा!" जब्बारभाई म्हणाले. "मशीन हाय का कढी? लोक काय म्हनतीन?"

मलाही पटलं. सगळं गाव बघणार, आणि इंजिनाला हळद! आम्ही दोघांनी घासलेट घेतलं, चिंध्या घेतल्या, आणि एकेक तार घासून अशी कोरी केली की आरशासारखी. रंगूबाई दारातून म्हणाली, "अहो, पोळ्याच्या दिवशी खांदा धुत नसतेत!" मी म्हटलं, "हे इंजिन हाय, रंगू. याचं मले समजते."

ढोल वाजायला लागले. सगळ्या गावाच्या जोड्या ओळीने उभ्या होत्या, बाशिंगं, घुंगरं, झुली! पाटलांची मानाची जोडी सगळ्यांत पुढे. जगदेवरावाने हौशा-वजीरला ओळीत आणलं होतं. आणि मी, शेजारी जब्बारभाई, मागच्या सीटवरून उतरायला नकार देणाऱ्या सोजरबाई, असे भोंगा वाजवत आलो. बाजूला उभी करायची होती, पण तिकडे जायचं तर तोरणाखालूनच वळायला हवं होतं. मी वळवली. बरोबर तोरणाखाली आलो.

आणि भुरभुर सुरू झाली. फट्. फट्. फुस्स!

ढोल थांबले. एवढ्या माणसांत एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. त्या शांततेत मागच्या सीटवरून सोजरबाईंचा आवाज आला, "थांबली काय?"

मी उडी मारून बॉनेट उघडलं. "जब्बारभाई, मारा हँडल! पलगपासून पाहू!" आणि घाईत मी ती मधली जाड तार ओल्या हाताने गच्च धरली. जब्बारभाईंनी हँडल मारलं.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. म्हणे मी उभ्याउभ्या हातभर उंच उडालो, माझी टोपी पाटलांच्या बैलाच्या शिंगावर जाऊन बसली, आणि मी खाली आलो तो "हर हर महादेव" म्हणतच!

"मिल गया!" जब्बारभाई आनंदाने नाचायलाच लागले. "नानाजी, रोग मिल गया! तार फटेली हाय! भेगेत पानी शिरते, करंट पलगमें जातच नाई, बाहेरच्या बाहेर पळून जाते! अबी तुमच्यात गेला!"

"मंग सकाळी कशी चालली?" मी दात वाजवत विचारलं. "सकाळी काय पाऊस कमी होता?"

आरतीचं ताट घेऊन उभी असलेली रंगूबाई पुढे आली. वाकून तारेकडे पाहिलं. "अठीच तं म्या काल तुपाचा थापा देल्ला होता," ती म्हणाली. "तुपातून पानी शिरते काय? कुठी गेलं तूप?"

मी जब्बारभाईंकडे पाहिलं. जब्बारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही हाताला अजून घासलेटचा वास येत होता.

"आता लाव ना मंग तूप!" मी म्हणालो.

"आता आत पानी हाय," जब्बारभाई पडेल आवाजात म्हणाले. "सुकल्याबिगर काई नाई होत."

आणि पाऊस काही थांबेना. तोरण अडलेलं, मानाची जोडी अडलेली, सगळ्या गावाचा पोळा माझ्या मोटारीमागे खोळंबलेला! कोणीतरी झडती सुरू केली. पोळ्यात अशी यमकं जुळवून एकमेकांची फिरकी घ्यायची, ही तर हक्काची गोष्ट.

"बैल भिजला पान्यात, तरी चाले थाटात,
मोटार भिजली पान्यात, नानाजी आला घाट्यात!"

"हर बोला हर हर महादेव!" अख्खं गाव ओरडलं.

मारोतराव पाटील म्हणाले, "नानाजी, हे हटवा बापा. दिवस बुडाले आला."

"बैल द्या ना मंग एखादी जोडी," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता जीभ चावली. सगळ्या गावाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवळात चपला घालून शिरलो.

जगदेवराव शांतपणे पुढे आला. त्याच्या खांद्यावर दोर होता. "आज बैलायले जू नाई," तो म्हणाला. "पन भाऊजी, मानसाले लावू नये असं कोनी सांगतलं?"

मग काय! उजवीकडे मी, डावीकडे जब्बारभाई, दोघांच्या खांद्यावर दोर. अशी जोडी रिठदच्या पोळ्यात कधी आली नव्हती! ढोल पुन्हा सुरू झाले. आम्ही जोर लावला, मोटार हलली, आणि तोरणाखालून पाटलांच्या मानाच्या जोडीच्याही आधी आम्हीच पार झालो. कोणीतरी गुलाल टाकला. एक म्हातारा ओरडला, "उजवा अडेल हाय, डावा बरा हाय!" जब्बारभाई त्याही अवस्थेत खूश झाले. आणि चिखलात पाय रुतत असताना मागून, मोटारीतून, छत्रीखालून आवाज आला.

"हळू, जवाईबापू, हळू. मागं तुमची सासू हाय!"

घरापर्यंत ओढली. जब्बारभाई पुरणपोळ्यांची शिदोरी घेऊन परतले. जाताना म्हणाले की तार मुंबईहून मागवावी लागेल, तोवर वहिनींची वाटीच बरी. जगदेवरावाने जिंकल्याची बढाई मारली नाही. हौशा-वजीरला आमच्या गोठ्यात बांधलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "आता अठीच राहा बापा."

"बोलल्याप्रमाणे मोटार इकतो मी," मी म्हणालो. माझा आवाज जरा ओला होता. पाऊसच तसा होता.

"कायले?" रंगूबाई म्हणाली. "ठेवा ना. थांबली तं ओढाले घरची जोडी हाय. नाई थांबली तं आईले आनाले होते." जगदेवराव हसला. म्हणजे मोटारही राहिली आणि बैलही आले. चार महिन्यांत मला जमलं नव्हतं ते तिने एका वाक्यात केलं, आणि मला मनापासून बरं वाटलं.

दिवेलागण झाली. मी ओसरीवर पालथा पडलो होतो, उजवा खांदा दोराने सोलवटून लाल झाला होता. अंगणात रंगूबाईने हौशा-वजीरचे पाय धुतले, ओवाळलं, आणि पुरणपोळ्यांचं पान त्यांच्यापुढे मांडलं. पोळीवर तूप! तो वास माझ्यापर्यंत आला, आणि माझ्या पोटाने इंजिनासारखा आवाज केला. सकाळपासून मी नुसत्या विजयावर होतो.

"सदरा काढा," रंगूबाई माझ्यापाशी येऊन म्हणाली. तिच्या हातात तीच वाटी होती, कोमट तूप आणि हळद. पळसाच्या पानाने तिने माझा खांदा सावकाश चोळला. सालटं निघालं होतं तिथे जरा जास्तच. मग माझ्या कानाशी वाकली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

मी धडपडून उठलो. "उद्या? अन् आज?"

"आज बैलायचं जेवन हाय," ती म्हणाली. "तुमी तं आज पहिल्यांदाच जुंपले गेले!" आणि पदर तोंडाला लावून हसत हसत आत गेली.

गोठ्यातून वजीर पोळी चघळत माझ्याकडे बघत होता. मी मुकाट्याने कान हलवले. खांद्याला मात्र फार बरं वाटत होतं.